वैऱ्यांची युती हवीच, पण कारण दाखवा

ऑर्क आणि एल्डार एका बाजूने लढायला उतरवले की तोंड वाकडं करणारे खेळाडू मला दर रविवारी भेटतात. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलावर छोट्या सैनिकांनिशी खेळायच्या युद्धखेळाच्या काल्पनिक विश्वात कोण कोणाचा वैरी, हे १९८७ पासून पुस्तकांत छापलेलं आहे आणि या मंडळींना ते तोंडपाठ आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. वैऱ्यांनी खुशाल एकत्र यावं, पण कोणाला त्यातून काय मिळणार ते आधी कागदावर यायला हवं. मी दिवसभर कंपन्यांचे हिशेब तपासते. फुकटची मैत्री दिसली की मला आधी संशय येतो.

या खेळाच्या २०१२च्या सहाव्या आवृत्तीत युतीचा तक्ताच होता : जिवाभावाचे मित्र, सोयीचे मित्र, नाइलाजाचे मित्र. नाइलाजाच्या मित्रापासून सहा इंचांच्या आत तुकडी उभी असेल तर फासा टाकायचा. एक पडला, की ती तुकडी त्या फेरीत जागची हलायची नाही. मित्रावरच डोळा ठेवून बसायची. इतका शहाणा नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

आणि पुस्तकांचं एवढं काय घेऊन बसायचं? ५ मे १९४५ ला ऑस्ट्रियातल्या इटर किल्ल्यात अमेरिकन कॅप्टन ली आणि जर्मन सैन्यातला मेजर गांगल एकाच तटामागून नाझींच्या एसएस दलाच्या सैनिकांशी लढले. आत कैदेत होते फ्रान्सचे माजी पंतप्रधान दालादिए आणि रेनो, शिवाय टेनिसपटू बोरोत्रा. गांगल त्या लढाईत मारला गेला. हेच एखाद्या खेळाडूने रचलं असतं, तर आम्ही त्याला हसलो असतो.

त्या प्रसंगाचे २८ मिलिमीटरचे सैनिक सध्या माझ्या जेवणाच्या टेबलावर आहेत (घरचे ताटं मांडीवर घेऊन जेवतात). अमेरिकनांचा मळकट हिरवा आणि जर्मनांचा करडा हिरवा; वर तपकिरी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात दिला की हातभर अंतरावरून दोघांत फरक राहत नाही. बक्षिसासाठी रंगवणारा इथे कडा उजळून फरक वाढवेल. मी वाढवत नाही. हेल्मेटं वेगळी आहेत, तेवढं पुरे. बुटांना मात्र दोघांच्या एकच चिखल, आणि खालच्या बेसवर एकाच तटाचे फुटके दगड, एम-सीलचे. युतीचं कारण रंगातही दिसलं पाहिजे.

आपल्याकडे १७८० मध्ये नाना फडणीसांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणलं. हैदरशी पेशव्यांच्या लढाया तेव्हा फार जुन्या झाल्या नव्हत्या. नागपूरकरांची फौज कटकपर्यंत गेली आणि इंग्रजांच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पैसे मोजून ती थोपवली. म्हणजे फाशावर एक पडला! दहा वर्षांनी पुणे दरबार आणि निजाम इंग्रजांना घेऊन टिपूवर गेले. १७९५ ला खर्ड्यावर त्याच निजामाशी लढाई.

म्हणून आमच्या पुढच्या मोहिमेसाठी मी अट घातली आहे. युती करणाऱ्याने बंद पाकिटात दोन गोष्टी लिहून पंचाकडे द्यायच्या : आपल्याला काय हवं आहे, आणि ते मिळाल्यावर कितव्या फेरीत पाठ फिरवणार. माझ्या ऑर्कांना एल्डारांची तरंगती गाडी हवी आहे. ती मी आत्ताच लाल रंगवून ठेवली आहे. लाल गाडी जास्त वेगाने पळते, यावर ऑर्कांची ठाम श्रद्धा असते. पाकीट उघडायची गरज पडेलसं वाटत नाही.