माळ्यावरचा परिग्रह

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात बाह्य परिग्रहाचे नऊ प्रकार गणले आहेत : क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य. शेत, घर, सोने-चांदी यांची मर्यादा घेताना श्रावक विचार करतो. अखेरच्या कुप्याकडे, म्हणजे भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पेट्या-कपाटे अशा घरसामानाकडे, मात्र सहसा लक्ष जात नाही.

गेवराईतील एका कापूस-व्यापारी दांपत्यापुढे हा प्रश्न एका उन्हाळ्यात उभा राहिला. पुढे दुकान, मागे घर अशी जुनी बांधणी. मुले पुण्यास स्थिरावलेली, घरात दोघेच. तरीही चार खोल्यांपैकी दोन सामानाने अडलेल्या. श्राविकेची इच्छा एवढीच, की सामायिकासाठी एक उजेडाची खोली मोकळी व्हावी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अठ्ठेचाळीस मिनिटे बसूनही तिचे मन स्थिरावत नव्हते.

आरंभी दोघांना एकमेकांचेच सामान खुपू लागले. त्यांना तिचे पितळी हंडे दिसत. तिला त्यांचे जुने तराजू आणि वह्यांचे गठ्ठे. शेवटी ती म्हणाली, “अहो, भांडी मी काढते. वह्या तुम्ही काढा.” ज्याची वस्तू, त्याचाच निर्णय, हे ठरले आणि वाद मिटला. मोठी भांडी समाजाच्या भोजनशाळेस गेली, गाद्या-चादरी गरजूंना.

हे काम आषाढापूर्वी उरकण्यामागे जयणेचा विचार होता. पावसाळ्यात दमट गठ्ठ्यांत वाळवी आणि कसर वस्तीला येते. मग सफाई म्हणजे जीवहिंसाच. म्हणून प्रत्येक गठ्ठा ओसरीवर हळुवार उलगडून पुंजणीने पुंजला गेला.

वह्यांशी येऊन मात्र हात थबकला. सर्वांत जुन्या वहीतील आकडे निजामी राजवटीतील हाली शिक्क्यात होते. पुढच्या एका वहीत १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी दिलेली उधारी होती. कित्येक खाती तशीच उघडी राहिलेली. त्यांतील काही घरांची नातवंडे आजही दुकानात येतात. तीन संध्याकाळी ते ती नावे वाचत बसले. वसुली कायद्याने केव्हाच संपली होती. ती करण्याचा विचारही त्यांच्या मनात कधी आला नव्हता. तरी वही टाकवत नव्हती. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेलाच, म्हणजे आसक्तीलाच, परिग्रह म्हटले आहे, त्याचा अर्थ त्यांना त्या संध्याकाळी उमगला. येणे सुटले होते, येणेकरी असल्याची भावना सुटली नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी प्रत्येक खात्याखाली आडवी रेघ ओढली. हाली शिक्क्याची एक वही वडिलांच्या हस्ताक्षरासाठी ठेवली. उरलेली पाने, कोणाचे नाव रद्दीत जाऊ नये म्हणून, स्वतः बारीक फाडली.

जपानच्या मारी कोंडो यांच्या २०११ मधील पुस्तकाने वस्तू हाती घेऊन ‘ही आनंद देते का’ असे विचारण्याची रीत जगभर नेली. व्रताचा प्रश्न निराळा आहे : ‘किती पुरे?’ उपासकदशांगातील आनंद श्रावकाने बारा कोटी सुवर्णमुद्रा टाकून दिल्या नाहीत. त्यापलीकडे न जाण्याची मर्यादा घेतली. व्यापारी गृहस्थाला झेपेल असाच हा मार्ग आहे.

कपाट हलताच त्यामागची पूर्वेकडील खिडकी मोकळी झाली. भिंतींना चुना दिला, एक फडताळ ठेवले, आणि त्याच्या दाराला आतून कुप्याची यादी चिकटवली : अंथरुणे इतकी, भांडी इतकी, नवी वस्तू आली तर जुनी द्यावयाची. खोलीत आसने दोन घातली आहेत. दुसरे आसन श्राविकेने मागितले नव्हते. ते त्यांनी स्वतःच आणून ठेवले.