फेलोशिप घरबसल्या, पण घर भामरागडला असेल तर?

तंत्रज्ञान धोरणावर काम करणाऱ्या दिल्ली-बंगळुरूकडच्या संस्था आता विद्यार्थ्यांना दूरस्थ फेलोशिप देऊ लागल्या आहेत. साधारण स्वरूप असे असते: काही महिने घरूनच काम, व्हिडिओवरून मार्गदर्शकाशी बैठका, कायद्यांच्या मसुद्यांचा अभ्यास, थोडे मानधन आणि शेवटी एक शोधनिबंध. दिल्लीत खोली भाड्याने घेण्याची ऐपत नसलेल्या आपल्या मुलामुलींसाठी ही संधी मोठी आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत ती पोचायची असेल, तर 'घरबसल्या' या शब्दाचा अर्थ नीट तपासावा लागेल, असे आम्हाला वाटते.

आधी हे सांगू, की हा विषय शहरी नाही. आपल्या जिल्ह्यांतला विद्यार्थी तंत्रज्ञान धोरण पुस्तकातून नव्हे, महाडीबीटीच्या अर्जातून शिकतो. आधार बँक खात्याला जोडलेले नसेल तर शिष्यवृत्ती अडकते, हे त्याला ठाऊक असते. रेशन दुकानात आजीचा अंगठा उमटत नाही, हे त्याने पाहिलेले असते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाईल ॲपवरून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतल्या घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची अट आली. जिथे नेटवर्कसाठी टेकडीवर चढावे लागते, तिथे असे नियम कसे चालतात, याचे उत्तर दिल्लीतल्या अभ्यासकाला शोधावे लागते. इथल्या मुलाला ते माहीत असते. मांडण्याची जागा मात्र त्याला नसते.

मसुदे येतात, आपण नसतो

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ रोजी आला आणि सूचना संकेतस्थळावरून मागवल्या गेल्या. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले. वैयक्तिक माहिती नाकारताना व्यापक जनहित तपासण्याची त्या कलमातली अट गेली. कलम ८(२) मधली जनहिताची सर्वसाधारण तरतूद शिल्लक आहे, पण हजेरीपट किंवा लाभार्थी यादी मागणाऱ्या गावकऱ्याला आता नकार देणे सोपे होईल, ही भीती रास्त आहे. एवढा मोठा बदल होत असताना आपल्या किती महाविद्यालयांत, किती विहारांत त्यावर चर्चा झाली?

धोरणाचा अभ्यास हे आपले काम नाही, असे कुणी म्हणू नये. बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध केला आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. चलन हा त्या काळचा मूठभर तज्ज्ञांचा विषय होता. म्हणून आपल्या मुलांना फक्त 'अनुभव सांगा' म्हणून बोलावणाऱ्या फेलोशिपांपासून सावध राहिले पाहिजे. माहिती गोळा करणारे हात आपले आणि निबंधावरचे नाव दुसऱ्याचे, ही विभागणी जुनीच आहे. ती लॅपटॉपवर आली म्हणून नवी होत नाही.

अडते कुठे?

पहिली अडचण नेटवर्कची. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा तालुक्यातल्या मुलीने व्हिडिओ बैठक चुकवली, तर तो तिचा निष्काळजीपणा धरायचा का? दुसरी अडचण इंग्रजीची. अर्जातला पाचशे शब्दांचा निबंध इंग्रजीत मागितला, की निम्मी निवड तिथेच होऊन जाते. तिसरी मानधनाची. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली खुद्द बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. ते पुन्हा जाऊ शकले १९२० साली. पैसा वेळेवर न येणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको.

मार्ग आपल्याच भागात सापडतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यास गट चालवले, कायदा वाचला, चर्चा केली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. एकट्याने खोलीत बसून नव्हे, तर गटाने बसून केलेला हा धोरणाचा अभ्यासच होता.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. फेलोशिप देणाऱ्या संस्थांनी मराठीत अर्ज आणि निबंध स्वीकारावेत, इंटरनेट व लॅपटॉपचा खर्च पहिल्या महिन्यातच द्यावा आणि लेखनावर विद्यार्थ्याचे नाव द्यावे. बार्टीची अधिछात्रवृत्ती पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहे, तिच्या जोडीला पदवीच्या मुलांसाठी सहा महिन्यांची तंत्रज्ञान धोरण फेलोशिप सुरू करावी. गोंडवाना विद्यापीठाने या कामाला श्रेयांक द्यावेत.

काही काम आपलेही आहे. विहारातली एक खोली, वायफाय आणि दोन जुने लॅपटॉप एवढ्यावर अभ्यास केंद्र उभे राहते. तिथे बौद्ध मुलांबरोबर आदिवासी मुलेही बसावीत, कारण ॲपची सक्ती दोघांनाही सारखीच आहे. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या सोहळ्यात पुस्तकांच्या दुकानांशेजारी फेलोशिपचे अर्ज भरून देणारे एक टेबल लागले, तर पुढच्या कायद्याच्या मसुद्यावर सूचना पाठवणाऱ्यांत गडचिरोलीची नावे असतील.