देणगी प्रवेशिकेचा काळा बाजार

आपल्याकडे एखाद्या शाळेच्या इमारतीसाठी किंवा कुणाच्या शस्त्रक्रियेसाठी नाटक लावले, की ‘तिकीट’ न म्हणता ‘देणगी प्रवेशिका’ म्हणतात. या शब्दाकडे आपण मराठीचे शिक्षकही नीट पाहत नाही. तिकिटाला किंमत असते. देणगीला निदान तळ असतो, पण छप्पर नसते. दोनशेची प्रवेशिका घेऊन पाचशेची नोट देणारा आणि ‘उरलेले ऱ्हवांदेत’ म्हणणारा दुकानदार मालवणच्या बाजारपेठेत आजही भेटतो.

नवी मुंबईत जानेवारी २०२५मध्ये झालेल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांच्या निमित्ताने तिकिटांच्या पुनर्विक्रीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १० जानेवारीला न्यायालयाने ती जनहित याचिका फेटाळली; असे नियम करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम, असे सांगितले. पुनर्विक्रीच्या दराला कायद्याने मर्यादा घालावी, ही मागणी आम्हांला रास्त वाटते. मात्र तिला एक शेपूट जोडले जाते : मदतीच्या कार्यक्रमांना यातून वगळावे, तिथला पैसा सत्कार्यालाच जातो. आमचे भांडण या शेपटाशी आहे.

कुठे जातो तो पैसा? दोनशेच्या वीस प्रवेशिका कुणी आधी उचलल्या आणि प्रयोगाच्या संध्याकाळी दारात सहाशेला विकल्या, तर निधीत दोनशेच पडतात. वरचे चारशे विकणाऱ्याच्या खिशात. यावर अर्थशास्त्राचे आमचे सहकारी म्हणतात, घेणारा राजी, देणारा राजी, आयोजकाला त्याचे मिळाले, तक्रार कुणाची? तक्रार त्या रुग्णाची. प्रेक्षकाने सहाशे मोजले त्यात त्या रुग्णाचे नाव होते, आणि ते नाव भलत्यानेच वटवले. २ जुलै २००५च्या ‘लाइव्ह एट’ कार्यक्रमात लंडनच्या हाइड पार्कच्या प्रवेशिका एसएमएसच्या सोडतीने फुकट वाटल्या होत्या. आफ्रिकेच्या दारिद्र्यासाठीच्या त्या प्रवेशिका ई-बेवर लिलावाला आल्या, तेव्हा बॉब गेल्डॉफ उघड संतापले आणि ई-बेला ती विक्री थांबवावी लागली. कायद्याने नव्हे, लाजेने. आपल्याकडे लाजेवर किती विसंबावे, असो.

मग सरसकट मर्यादा घालावी का? तीही नको. आयर्लंडच्या २०२१च्या कायद्याने ठरावीक कार्यक्रमांची तिकिटे छापील किमतीपेक्षा जास्त दराने पुन्हा विकण्यास बंदी केली. पण निधी उभारण्यासाठी विकणाऱ्या धर्मादाय संस्था आणि हौशी क्रीडामंडळे यांना मोकळीक ठेवली. मोकळीक ‘मदतीचा’ म्हणून मिरवणाऱ्या कार्यक्रमाला नाही, विकणाऱ्याला आणि त्याच्या हेतूला आहे. ही दृष्टी आपल्याला परकी नाही. १९२३च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्यातही धर्मादाय प्रयोगांची सूट, जमलेली रक्कम कुठे जाते याच्याशी बांधलेली होती. शेवटची प्रवेशिका संस्थेने व्यासपीठावरून लिलाव करून दहा हजारांना विकावी. पावती फाडावी, हिशेब लावावा.

राहता राहिला आमचा स्वार्थ. शिक्षकांच्या गळ्यात प्रवेशिकांची पुस्तके मारण्याची रीत जुनी आहे. पदरचे पैसे भरून घेतलेल्या दहांपैकी आठ छापील किमतीला शेजाऱ्याला देणाऱ्या मास्तराला काळाबाजारवाला ठरवणारा कायदा मात्र कुणी करू नये. पुनर्विक्रीवरच बंदी मागणाऱ्यांनी या मास्तराचे काय करायचे, ते आधी सांगावे.