आपली नवी सकळ लिपी

लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवणे ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला चर्चेची वाटत नाही. ते दुकानदाराचे काम, अशी आपली समजूत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यापासून अशा बदलांना जोर आला आहे. 'आहे तसा क्लोन करू, की नवी विंडोज टाकून फायली कॉपी करू?' या प्रश्नाला प्राध्यापक महाशय 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' असे उत्तर देतात. माझा आक्षेप या उत्तराला आहे. हा प्रश्न पाठचिकित्सेचा आहे आणि तो आपण परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो आहोत.

नव्वदच्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षे मराठीचे बहुतांश टंकलेखन श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा प्रणालींच्या फॉन्टांत झाले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये देवनागरीसह आली होती, पण ती आपल्या टेबलापर्यंत पोचायला फार काळ गेला. या जुन्या फायलींत खरे तर 'क' साठवलेलाच नाही. तिथे रोमन अक्षराचा किंवा एखाद्या चिन्हाचा क्रमांक आहे आणि विशिष्ट फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा चढवतो. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसेल, तर फाईल शाबूत असूनही प्रबंध निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो.

मराठीला हे नवे नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकले. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, अशी ती योजना. किल्ली पंथाबाहेर नव्हती, म्हणून मराठीचे आद्य गद्य कित्येक शतके बाहेरच्या वाचकाला बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती किल्ली उलगडली. भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे स्थान आजच्या जालना जिल्ह्यातच आहे. फरक इतकाच, की महानुभावांनी जाणूनबुजून आणि श्रद्धेपोटी कुलूप लावले. आपण ते बेफिकिरीने लावतो आणि किल्ली जुन्या डिस्कबरोबर भंगारात घालतो.

यावर तयार उत्तर असते : 'मग क्लोन करावा.' क्लोन जरूर करावा. त्यात फॉन्ट, कळफलक, प्रणाली सारे जसेच्या तसे येते. पण क्लोन म्हणजे फक्त मुदतवाढ. विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे आणि १६-बिट काळातले कार्यक्रम तिच्यावर चालत नाहीत. काही मराठी सॉफ्टवेअरबरोबर येणारे डोंगल हरवले, की कार्यक्रमही मुका होतो. 'पीडीएफ आहेच की' असे म्हणणाऱ्यांनी त्या पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून पाहावा. डोळ्यांना दिसणारी मराठी शोधता येत नाही आणि उद्धृतही करता येत नाही.

उपाय एकच : मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर. आणि इथेच दुकानदाराचे काम संपून आपले सुरू होते. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराची जागाही बदलते. रूपांतरक 'ऱ्या' आणि 'र्या' यांत घोटाळा करतो आणि आचाऱ्यांना दिलेला मान आचार्यांना मिळतो. दऱ्यांचा दर्या होतो. वर्गात आपण लिपिकारांचे प्रमाद मोठ्या हौसेने शिकवतो. हे त्याच जातीचे प्रमाद आहेत, आणि ते ओळखायला मराठी जाणणारा माणूसच लागतो.

हे काम 'तांत्रिक' म्हणून हलके मानणाऱ्यांना याच जिल्ह्यातला दाखला देतो. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. वळणदार अक्षर, शाई, कागद, पोथीची निगा यांचा विचार त्यांना ब्रह्मनिरूपणाच्या ग्रंथात अस्थानी वाटला नाही. आपल्याला मात्र फाईलची निगा समीक्षेच्या खालची वाटते.

'सगळेच कशाला जपायचे? काळ निवड करतोच', असाही एक युक्तिवाद आहे. निवड करण्यासाठी आधी वाचता यावे लागते. न वाचता गेलेले ते हरवलेले, निवडून टाकलेले नव्हे. आणि यात केवळ सुमार लेख जाणार नाहीत. छापले न गेलेले प्रबंध, बोलींचे शब्दसंग्रह, ओव्यांची संकलने यांची दुसरी प्रत अनेकदा कुठेच नसते.

म्हणून मागणी साधी आहे. डिस्क बदलताना आधी क्लोन घ्यावा. जुनी डिस्क न पुसता, फॉन्टचे नाव वर लिहून, कपाटात ठेवावी, कारण एसएसडीवरून पुसलेले बहुधा परत मिळत नाही. मग मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकडून रूपांतर आणि मुद्रितशोधन करून घ्यावे, मूळ फाईल सोबत ठेवावी आणि या कामाला पाठसंपादनाचे गुण द्यावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आपण आठशे वर्षांच्या परंपरेचे गोडवे गायले. त्या परंपरेतली अलीकडची तीस वर्षे आपल्याच यंत्रांत वाचता येत नसतील, तर पुढच्या राजवाड्यांची वाट पाहण्याचा आपल्याला काय अधिकार?