लेखकाला लेखनाबद्दल विचारा
ख्रिस्ती लेखकांच्या मेळाव्यात पाहुण्या लेखकाने आपल्या श्रद्धेची साक्ष जरूर द्यावी, पण त्याहून अधिक वेळ आपली लेखनरीत उलगडून दाखवावी. या समाजाची मराठी परंपराच तसे सांगते. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’साठी ओवी निवडली, बाबा पदमनजींनी 1857 च्या ‘यमुनापर्यटना’त विधवांचे दुःख मांडण्यासाठी कादंबरी हाती घेतली, तर लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ थेट घरगुती बोलीत लिहिली. तिघांचीही श्रद्धा पक्की होती. वेगळ्या धर्माचा वाचक त्यांच्याकडे वळला तो या निवडींमुळे, आणि त्या कशा होतात हेच नवोदितांना ऐकायला मिळायला हवे. सारे मराठी साहित्य एकच असताना ख्रिस्ती लेखकांना वेगळे व्यासपीठ कशाला, हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. 1842 मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने, पुढे वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने लिहिते हात घडवले, आणि ‘सुवार्ता’चे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. घरचे व्यासपीठ बाहेरची वाट अडवत नाही. आयोजकांनी मात्र इतर धर्मांच्या वाचकांनाही आग्रहाने बोलवावे आणि प्रश्नोत्तरांना भरपूर वेळ द्यावा.