परसातील धूर

नाटे येथील यशवंतगडाच्या तटावर उभे राहिले म्हणजे खाली खाडीचे पाणी, काठाने माडांच्या रांगा आणि त्यांतून डोकावणारी कौले दिसतात. सायंकाळी या माडांमधून निळसर धूर वर चढू लागतो. लांबून तो मोठा शोभिवंत वाटतो. जवळ जावे, तर पालापाचोळ्याऐवजी जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास नाकाला झोंबतो.

‘केर जाळणे ही तर आपली जुनीच रीत!’ असे कोणी म्हणेल. पण मुलांनो, तुमच्या पणजोबांच्या घरचा केर तो काय? झावळांची पाती, आंब्याचा पातेरा, नारळाची सोडणे, माशांचे काटे. त्यांतील बरेचसे गायरीत कुजे आणि खत होऊन शेतात जाई. सोडणांवर न्हाणीचे पाणी तापे. टाकून द्यावे असे घरात फारसे काही नसेच. आज त्याच केरात दुधाच्या पिशव्या, औषधांची वेष्टने, फाटक्या चपला आणि विजेरीतले संपलेले सेल असतात. केर बदलला, सवय तेवढी राहिली. प्लॅस्टिकचे काही प्रकार उघड्यावर मंद आगीत जळले, की डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये निर्माण होतात. विष राखेतही उरते, आणि ती राख आपण भाजीच्या वाफ्यात पसरतो!

म्हणूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी केली. साध्या अपराधास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरावे लागतील, असे ठरविले. गावाची स्वच्छता राखणे हे ग्रामपंचायतीचे काम असल्याचे तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातच सांगितले होते.

तथापि नुसत्या दंडाने हे काम व्हावयाचे नाही, असे माझे मत आहे. ज्या पाणंदीत कचऱ्याची गाडी शिरतच नाही, तेथील माणसाला ‘जाळू नको’ एवढेच सांगितले, तर तो काय करील? अंधार पडला की पिशवी पऱ्यात नेऊन टाकील. आषाढात पऱ्या भरून वाहू लागला, की ती पिशवी खाडीत जाईल आणि एखाद्या दिवशी त्याच्याच भावाच्या जाळ्यात मासळीबरोबर वर येईल. कातळात पुरावे, तर जांभा सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यातून झिरपून विहिरीपर्यंत जाते. तेव्हा ओले गायरीत टाकावे, सुके वेगळे साठवावे, आणि ते नेण्याचा वार पंचायतीने ठरवून तो पाळावा. हे अशक्य नाही. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले नगर परिषदेने घरोघर कचरा वेगळा करून घेतला आणि जेथे पूर्वी कचऱ्याचे ढीग होते, तेथे उद्यान उभे केले. शहराला जमले ते गावाला अधिक सोपे जावे. आपल्याकडे गायरी तरी आहे.

आता थोडे माझ्याविषयी. जन्मभर शाळेत स्वच्छतेचे धडे शिकविणाऱ्या या मास्तराने निवृत्तीनंतर एका संध्याकाळी परसातला पातेरा पेटविला आणि आळसाने त्यातच प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे एक बोचके लोटले. धूर शेजारी गेला. शेजारच्या काकूंना दम्याचा विकार. त्या ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. फक्त त्यांच्या माजघराची खिडकी लागल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ खोकल्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नेहमीप्रमाणे चहा केला, आंब्याच्या मोहोराविषयी बोलल्या. धुराचा विषय त्यांनी काढला नाही. तो मलाच काढावा लागला.