आधी पान उलटून बघा

दिवाळी संपली की बागेबद्दलचे फोन सुरू होतात. पाऊस गेलेला असतो, झाडांना नवी पालवी फुटलेली असते आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर काहीतरी येऊन बसलेलं असतं. “ताई, जास्वंदीवर पांढरं पांढरं आलंय, कुठलं औषध मारू?” मी विचारते, पान उलटून बघितलंत का? बहुतेकदा बघितलेलं नसतं. नर्सरीतून बाटली मात्र आणून झालेली असते. मला याची खरंच काळजी वाटते, कारण त्याच अंगणात, त्याच गॅलरीत तुळस असते, कढीपत्ता असतो, आणि ती पानं रोज घरातल्यांच्या पोटात जातात.

कीड दिसण्याआधी तिच्या खाण्याच्या खुणा दिसतात. पान कुरतडलेलं असेल, भोकं पडली असतील तर अळी, नाकतोडा नाहीतर गोगलगाय. यातल्या बऱ्याच जणी दिवसा सापडत नाहीत. रात्री जेवणं आटोपल्यावर टॉर्च घेऊन जावं. पान शाबूत आहे पण आकसलंय, पिवळं पडलंय, हाताला चिकट लागतंय, तर ते रस शोषणाऱ्या किडीचं काम. मावा, मिलीबग, पांढरी माशी या सगळ्या गोड चिकटा सोडतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. नुसती बुरशी पुसून भागत नाही, वरच्या पानामागे कोण बसलंय ते शोधावं लागतं. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने काढल्यासारखे गोलसर काप दिसले तर मात्र काहीही करू नका. पानकापी माशी घरट्यासाठी ते तुकडे नेते. गुलाबाचं त्यात काही बिघडत नाही.

आता ते जास्वंदीवरचं पांढरं. तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. मादीला पंख नसतात, अंगभर मेणचट पीठ असतं आणि कापसासारख्या पिशवीत ती शेकडो अंडी घालते. त्या मेणामुळे साधं पाणी किंवा पातळ फवारा तिच्या अंगावरून नुसता ओघळून जातो. अंड्यांतून निघालेली पिवळसर पिल्लं मात्र उघडी असतात. ती चालत, वाऱ्यावर, आपल्या कपड्यांना चिकटून नव्या शेंड्यावर जातात. फवारा त्यांनाच खरा लागतो, म्हणून एकदा मारून थांबायचं नसतं. सात-आठ दिवसांनी पुन्हा, आणि मग आणखी एकदा.

त्याआधी खोडाकडे बघा. मुंग्यांची रांग वर चढताना दिसेल. चिकटा पिण्यासाठी मुंग्या मिलीबगची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकावतात. ही रांग तोडली की निम्मं काम झालं, असं माझं ठाम मत आहे. कुंडी भिंतीला टेकू देऊ नये. पाण्याच्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवावी, आणि ते पाणी डासांसाठी दोन-तीन दिवसांनी बदलावं. मोठ्या झाडाच्या खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावावं, थेट सालीवर नाही.

आणि आता जरा भिंग घेऊन या. त्याच पांढऱ्या घोळक्यात कधीकधी एक जरा मोठा, झिपरा पांढरा जीव दिसतो. अंगावरचे मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले. काडीने हलकं डिवचलं तर मिलीबग जेमतेम सरकतो, हा मात्र तुरुतुरु चालू लागतो. ही क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी. ती आणि तिचे आईबाप मिलीबगच खातात. वेश मिलीबगचाच असल्यामुळे लोक तिला बोटाने चिरडतात नाहीतर विष फवारतात, आणि आपल्या बाजूचा सैनिक आपणच मारतो. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो दक्षिण भारतात आणला गेला. आज आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार मिलीबगसाठी तो बागेत सोडतात.

मित्रकीटकांचं बळ केवढं असतं ते पपईच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा पपईचा मिलीबग 2008 मध्ये कोइमतूरला आढळला आणि दोनएक वर्षांत पुण्याच्या पपईबागांपर्यंत पोचला. तुती, जास्वंद, काहीही त्याने सोडलं नाही. शेतकरी फवारे मारून थकले. मग 2010 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी उपयोगी कीटक ब्युरोने प्वेर्तो रिकोहून परजीवी गांधीलमाश्या मागवल्या. त्यातली अॅसेरोफॅगस पपाये ही जेमतेम मिलिमीटरभराची माशी मिलीबगच्या अंगात अंडं घालते. ती सोडल्यावर कीड झपाट्याने ओसरली. आपल्या बागेतही अशा माश्या न बोलावता येतात. माव्याच्या घोळक्यात एखादा किडा फुगलेला, तपकिरी, कडक झालेला आणि पाठीवर गोल भोक पडलेला दिसला, तर त्या फांदीवर काहीही फवारू नका. तिथे काम चालू आहे.

ज्यांना फवारायचंच आहे त्यांनी क्रम पाळावा. फार बरबटलेला शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा, कंपोस्टमध्ये टाकू नये. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याची जोरदार धार मारावी. निम्मा मावा तेवढ्यानेच जातो. मग एक लिटर पाण्याला पाच मिली निंबोळी तेल, आधी साबणाच्या थोड्या द्रवात नीट फेटून, नाहीतर तेल वर तरंगतं. आधी एका फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी बघावं. फवारा संध्याकाळीच: उन्हात पानं करपतात, आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. निंबोळीने कीड टपाटप पडत नाही. ती खाणं सोडते, तिची कात नीट पडत नाही, वाढ खुंटते. याला धीर लागतो.

मिरचीच्या चुरडा-मुरड्याबद्दल एवढंच: पानं वरच्या बाजूला वळली असतील तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे फुलकिड्यांची बरीच औषधं त्याला लागूच पडत नाहीत. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीसाठी पिवळे.

लिंबावर, कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर तो लिंबू फुलपाखराचा सुरवंट. मोठा झाला की हिरवा होतो, आणि हात लावला तर डोक्यामागून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडतो. मोठं झाड दहा-बारा सुरवंट सहज पोसतं, त्यांना राहू द्यावं. रोप हातभरच असेल तर सुरवंट उचलून शेजारच्या लिंबावर किंवा बेलावर सोडावेत.

तुळशीचं मात्र वेगळं. तिची पानं वळून सुकत असतील आणि मागे काळे ठिपके दिसत असतील, तर ती जाळीदार पंखांच्या बारीक ढेकणांची विष्ठा असते. शेंडे छाटा, खाली गळलेली पानं उचला, रोज सकाळी पाण्याची धार द्या. नवी फूट स्वच्छ येईपर्यंत चहासाठी पानं शेजाऱ्यांकडून घ्या.